वॉरंटीतला लॅपटॉप: आधी तपासणी की आधी तक्रार?

लॅपटॉप बंद पडला असे म्हणताना दोन वेगळ्या बिघाडांची सरमिसळ होते. एकात यंत्राला वीजच पोहोचत नाही. दुसऱ्यात यंत्र चालू असते, फक्त पडद्यावर काही उमटत नाही. बाहेरून दोन्हींचे रूप एकच, काळी काच. पण पहिल्याचा माग भिंतीतल्या सॉकेटपासून काढावा लागतो, तर दुसऱ्याचा बिजागरीपासून. वॉरंटी चालू असेल तर आणखी एक प्रश्न येतो: हा माग काढायचा कोणी, मालकाने की कंपनीच्या माणसाने?

पीथमपुरात हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही. धार जिल्ह्यातले हे औद्योगिक गाव इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, आणि वॉरंटीचे काम बहुधा इंदुरातच होते. म्हणजे एक खेप फुकट गेली की अर्धा दिवस गेला. शिवाय इथला लॅपटॉप टेबलावर बसून राहत नाही. १९८०च्या दशकात बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा, आयशर यांचे कारखाने इथे उभे राहिले आणि गाव वाहनउद्योगाचे झाले. आजच्या गाडीचा दोष तिच्या ईसीयूला, म्हणजे आतल्या नियंत्रण-संगणकाला, केबल जोडून वाचावा लागतो. त्यासाठी लॅपटॉप शॉप फ्लोअरवर जातो, ट्रॉलीवर हादरे खातो, तेलकट बोटांनी उघडला जातो.

वादाच्या दोन बाजू मांडण्यासाठी दोन नमुन्याची माणसे धरू. एक काका, ज्यांची उमेदीची वर्षे कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. दुसरा त्यांचा पुतण्या, इंदूरच्या एका सर्व्हिस काउंटरवर तक्रारी नोंदवून घेणारा. पवारांच्या धार-देवासात अठराव्या शतकापासून मुरलेली मराठी दोघांच्या घरात आहे; कामाचे शब्द मात्र अर्थातच इंग्रजी.

काकांचे म्हणणे सरळ आहे. "मोटर फिरत नाही म्हणून कोणी थेट मोटरच उचलून वाइंडिंगवाल्याकडे नेतं का रे? आधी टेस्टर लावून फेज बघायचा. लॅपटॉपचंही तेच. कितीतरी प्रकरणं सॉकेटमध्येच मिटतात."

पुतण्याचा आक्षेप तपासणीवर नाही, तपासणाऱ्या हातावर आहे. "काका, तुम्ही फेज बघून थांबाल. बाकीचे थांबत नाहीत. व्हिडिओ बघून स्क्रू उघडतात, बॅटरीची केबल ओढतात आणि मग आमच्याकडे येतात. कनेक्टर तुटलेला दिसला तर तो आधीच तसा होता की मालकानं तोडला, हे मी कशावरून ठरवू? हात दाखवून अवलक्षण होतं नुसतं."

दोघांनाही मान्य होईल अशी एक सीमारेषा आखता येते. ज्या तपासणीची यंत्रावर खूण उरत नाही ती मालकाने करावी. जिच्यासाठी स्क्रू फिरवावा लागतो ती वॉरंटीवाल्यांची. या रेषेवरही कुरबुर होतेच. काही लॅपटॉपमध्ये रॅम बदलण्याची मुभा कंपनीच्या पुस्तिकेतच दिलेली असते, आणि रॅम काढून पुन्हा बसवल्याने "नो डिस्प्ले"ची तक्रार खरोखर मिटू शकते. काका म्हणतात, पुस्तिकेत आहे तर उघडा. पुतण्या म्हणतो, पुस्तिकेत असलं तरी वॉरंटीत उघडू नका. इथे पुस्तिका श्रेष्ठ मानावी. पण ती त्या नेमक्या मॉडेलची असली पाहिजे.

विजेचा माग क्रमाने घ्यावा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून अडॅप्टर थेट भिंतीत लावावा. सॉकेट जिवंत आहे का, हे टेबललॅम्प लावून कळते. मग भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंतची वायर. तीन पाकळ्यांसारख्या तोंडाची ही वायर बहुतेक लॅपटॉपना सारखीच चालते, त्यामुळे दुसऱ्याची लावून बघता येते. ठोकळ्यात शिरणारे तोंड ढिले पडणे हा फार सामान्य दोष आहे, आणि त्यापायी चांगले अडॅप्टर बाद ठरवले जातात.

ठोकळ्यावर दिवा असेल तर त्याच्याकडे नीट पाहावे. इतकी माहिती फुकटात दुसरे काहीच देत नाही. भिंतीत लावल्यावर दिवा लागतच नाही, तर दोष वायरीत किंवा अडॅप्टरमध्ये. दिवा लागतो, लॅपटॉपला पिन जोडल्यावरही तसाच राहतो, पण लॅपटॉप काहीच हालचाल करत नाही, तर संशय जॅककडे, बॅटरीकडे किंवा मदरबोर्डकडे जातो. आणि दिवा लागलेला असताना पिन जोडताक्षणी विझला, पिन काढून थोड्या वेळाने पुन्हा पेटला, तर लॅपटॉपच्या आत किंवा जॅकमध्ये शॉर्ट असण्याची दाट शक्यता आहे. अडॅप्टरने स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलेला असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा पिन खुपसून बघण्यात शहाणपण नाही. एवढे एक निरीक्षण तक्रारीत लिहिले तरी तंत्रज्ञाचे काम निम्म्यावर येते.

यानंतर काका मल्टिमीटर काढतात, आणि वाद तापतो. ६५ वॉटच्या एखाद्या अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे छापलेले असते. मीटरवर १९.५च्या आसपास आकडा आला की काका अडॅप्टर पास करतात.

"हा आकडा बिनलोडचा आहे काका. लोड पडल्यावर बसणारा अडॅप्टरसुद्धा मीटरवर ठणठणीत दिसतो."

"हे तू मला सांगतोस?"

"तुम्हाला नाही, तुमच्या मीटरला सांगतोय."

पुतण्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याला जोड देणारे आणखी दोन मुद्दे आहेत. डेल आणि एचपी यांच्या गोल पिनच्या पोटात मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज वाहण्यासाठी नसून अडॅप्टरची ओळख पटवण्यासाठी असते. ती वाकली किंवा तिची तार आत तुटली तर व्होल्टेज पूर्ण मिळते, लॅपटॉप चालूही होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. मीटरला यातले काही दिसत नाही. शिवाय त्या अरुंद तोंडात मीटरची टोके घालताना दोन्ही एकमेकांना टेकली तर नवाच बिघाड उभा राहतो.

यूएसबी-सी चार्जरपुढे तर मीटर जवळपास निरुपयोगी ठरतो. समोर लॅपटॉप किंवा फोन जोडला गेल्याची खात्री झाल्याशिवाय हा चार्जर वीज सोडतच नाही. मोकळ्या टोकावर शून्य दिसणे हेच बरोबर. जोडल्यावर आधी ५ व्होल्ट येतात, मग दोन्ही बाजू आपसांत ठरवून ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातात. जुन्या नियमांत याची कमाल १०० वॉट होती, २०२१मध्ये ती २४० वॉटवर गेली. ३ अँपिअरच्या वर जायचे तर केबलच्या टोकातही ओळख सांगणारी चिप लागते. म्हणूनच फोनची साधी केबल लावून "चार्जर खराब आहे" असे म्हणणे अन्यायाचे असते. इथे खरी तपासणी एकच: त्याच ताकदीचा दुसरा चार्जर, त्याच्या स्वतःच्या केबलसह. पोर्टात टॉर्च मारून पाहावे हेही आले. शॉप फ्लोअरवर फिरलेल्या लॅपटॉपच्या या इवल्याशा पोर्टात तेलात भिजलेले तंतू आणि धातूचा चुरा सापडू शकतो. तो सुईने कोरू नये. धातूचा कण दोन संपर्कांच्या मध्ये सरकला की पोर्ट जळू शकतो, आणि जळाल्याची काळी खूण वॉरंटी नाकारायला पुरेशी होते.

दुसरा अडॅप्टर कोणता लावावा यावर दोघांचे लवकर जमते. व्होल्टेज तेच हवे, अँपिअर छापलेल्या आकड्याइतके किंवा जास्त, आणि शक्यतो त्याच कंपनीचा. भारतात लॅपटॉप आणि त्यांचे अडॅप्टर सक्तीच्या नोंदणीखाली येतात; ठोकळ्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो नसलेला स्वस्तातला अडॅप्टर लावून बघणे म्हणजे बिघाड शोधता शोधता बिघाड विकत घेणे.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रारही वॉरंटीच्या काउंटरवर येते. ती बहुधा लॅपटॉपची नसतेच. अडॅप्टरच्या आत खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी किरकोळ प्रवाह अंगावर येतो आणि एरवी अर्थिंगवाटे जमिनीत जातो. जुन्या घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला असेल, तर तो हाताला जाणवतो. या विषयात काका बोलतात आणि पुतण्या ऐकतो. "आधी घराची अर्थिंग बघा, मग लॅपटॉपवर बोट ठेवा. तुमच्याकडे नवा अडॅप्टर मागायला येतात ना, त्यांना माझ्याकडे पाठवत जा."

सॉकेट, वायर, अडॅप्टर निर्दोष ठरले की लॅपटॉपची साठलेली वीज काढून टाकावी: अडॅप्टर आणि जोडलेली सगळी उपकरणे काढायची, चालू करायचे बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरायचे, मग फक्त अडॅप्टर लावून चालू करायचे. वरवर टोटका वाटतो, पण अडकून पडलेला नियंत्रक यामुळे पुन्हा भानावर येतो. बॅटरी तळाला गेली असेल तर चालू करण्याआधी अर्धा-पाऊण तास चार्जिंगला ठेवावे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबणे हा बिघाड नव्हे. बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी बऱ्याच कंपन्यांनी दिलेली ती सोय असते आणि सेटिंगमधून बंद करता येते. उलट टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर वाद, तपासणी, व्हिडिओ सगळे थांबवून अडॅप्टर काढावा. फुगलेल्या लिथियम बॅटरीला चार्ज करू नये आणि दाबूही नये.

आता पडदा. यंत्र जिवंत आहे का, हे कॅप्स लॉकचे बटण सांगते: दाबल्यावर त्याचा दिवा पेटत-विझत असेल तर आतले काम चालू आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. आयकॉनची अंधूक चित्रे दिसली तर चित्र बनते आहे, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. मग एचडीएमआय केबलने टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र नीट असेल तर दोष पॅनेल, त्याची केबल किंवा झाकणाच्या सेन्सरच्या बाजूला आहे. टीव्हीही काळाच राहिला तर रॅम किंवा मदरबोर्डकडे बोट जाते. मात्र टीव्ही जोडलेला असताना विंडोज आणि पी ही बटणे दाबून "फक्त दुसरा पडदा" हा पर्याय कोणी निवडून ठेवलेला नाही ना, हे आधी बघावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबल्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. कधी कधी तेवढ्याने काम होते.

झाकणाच्या सेन्सरबद्दल काकांकडे एक खास कारखानी सूचना आहे. लॅपटॉपला झाकण मिटल्याचे कळते ते चुंबकामुळे. लॅपटॉप जर डायल गेजच्या मॅग्नेटिक स्टँडशेजारी ठेवला, तर सेन्सरला झाकण मिटलेच आहे असे वाटून पडदा काळा होतो. स्टँड दूर केला की चित्र परत. पुतण्याला ही गोष्ट ऐकून हसू आले तरी त्याच्या काउंटरवर हेच दुसऱ्या रूपात येते: चुंबकी पट्ट्याचे घड्याळ घातलेला हात टचपॅडशेजारी टेकला की स्क्रीन जाते.

चित्र येते पण रेघा, झिलमिल किंवा रंगांचा गोंधळ दिसतो, तेव्हा प्रश्न असतो तो सॉफ्टवेअर की हार्डवेअर. त्याचे उत्तर विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर मिळते. बायोसच्या पानावरही रेघा दिसल्या तर फॉरमॅट मारण्यात वेळ घालवू नये. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डी बटण दाबून धरून चालू केल्यास पॅनेल स्वतःच एकामागून एक सपाट रंग दाखवते. एचपीमध्ये चालू करताना एफ-२ दाबले तर तपासणीचा कार्यक्रम उघडतो. या कार्यक्रमाने दिलेला दोषक्रमांक फोनवर सांगितला तर पुष्कळ वेळा पुढची प्रश्नोत्तरे टळतात.

मग बिजागरी. पडद्याची केबल तिच्या पोटातून जाते आणि झाकण उघडता-मिटताना दर वेळी थोडी पिळली जाते. झाकण सावकाश हलवत न्यावे आणि कोणत्या कोनात चित्र जाते हे बघावे. ठरावीक कोनात जात असेल तर केबलवर संशय घट्ट होतो. हा दोष येऊन-जाऊन असतो, आणि काउंटरवर नेमका लपतो. त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. त्यात झाकणाचा कोन आणि तळाचा सिरियल नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. इथे काका आणि पुतण्याचे पूर्ण एकमत होते.

हे एकमत फार टिकत नाही, कारण पुढचा विषय "फिजिकल डॅमेज"चा असतो. बिजागरी कडक झाली, तिने प्लास्टिकमधला पितळी नट उपटला, झाकणाचा कोपरा उलला. पुतण्याच्या काउंटरवर हे भौतिक नुकसान ठरते. काकांना ते पटत नाही: "रोज उघडायची वस्तू रोज उघडली, यात माझा काय गुन्हा? शाफ्टनं बेअरिंगची जागाच खाल्ली तर दोष बसवणाऱ्याचा धरतात."

"काका, पडलेला लॅपटॉपही असाच दिसतो."

"पडलेल्याला कुठेतरी मार लागलेला असतो. तो दाखव, मी गप्प बसतो."

न्यायाने पाहता काकांची बाजू जड आहे. पडल्याची खूण, पिचलेला कोपरा किंवा खोल ओरखडा दिसत नसेल, तर उललेल्या बिजागरीला सरसकट नुकसान म्हणणे हा काउंटरचा सोयीचा मार्ग आहे. फुटलेल्या पॅनेलची गोष्ट वेगळी. कोळिष्टकासारखे तडे एका बिंदूतून निघालेले दिसले तर तिथे दाब पडलेला असतो. कीबोर्डवर पेन विसरून झाकण मिटले तरी तेवढे पुरते. पाणी किंवा चहा आत गेल्याचे हिरवट गंज सांगतो. मालकाने ते लपवण्यात अर्थ नाही, बोर्ड उघडल्यावर दिसतेच. पडद्यावरच्या एखाद-दुसऱ्या मृत ठिपक्याबाबत मात्र अपेक्षा आवरती ठेवावी. आयएसओ ९२४१-३०७ हे मानक पडद्यांचे वर्ग पाडून काही ठिपके सदोष असणे मान्य करते, आणि किती ठिपक्यांनंतर पॅनेल बदलायचे हे कंपन्या आपापल्या धोरणात लिहून ठेवतात.

लॅपटॉप देताना मिळणारा जॉबशीट हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. त्यावर "नो डिस्प्ले" एवढेच लिहिलेले असेल तर सही करू नये. "झाकण ९० अंशांच्या पुढे गेले की चित्र जाते, टीव्हीवर चित्र नीट" असे लिहून घ्यावे. अडॅप्टर दिला असेल तर त्याचाही क्रमांक टाकावा. चारही बाजूंचे आणि पोर्टांचे फोटो काउंटरवरच काढावेत, म्हणजे ओरखडा आधीचा की नंतरचा हा वाद उरत नाही. बॅकअप घेणे मालकाचे काम आहे. वॉरंटी यंत्राची असते, आतल्या फायलींची नसते. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. मदरबोर्ड बदलला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप, चालू असलेली डिस्क ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून किंवा कंपनीच्या आयटी विभागातून आधीच मिळवलेली नसेल, तर दुरुस्त झालेला लॅपटॉप हातात येतो आणि माहिती कुलपातच राहते.

वॉरंटी नाकारली गेली तर नकार कारणासह लेखी मागावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्याने ग्राहकाला राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे कंपनीचे कार्यालय कुठल्याही महानगरात असले, तरी पीथमपूरचा रहिवासी धारच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो, देवासचा देवासच्या. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघावी. कित्येकदा गाडी तिथूनच पुढे सरकते.

यात पीथमपूरसारख्या गावात एक खाच आहे. जीएसटीची वजावट मिळावी म्हणून लॅपटॉपचे बिल फर्मच्या नावावर घेण्याची रीत आहे. कायदा मात्र व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्याला ग्राहक मानत नाही. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला तेवढी सूट आहे. काका हे ऐकून चिडतात, पुतण्या खांदे उडवतो. वॉरंटी फर्मलाही मिळतेच, पण आयोगापुढे "ग्राहक" ठरायला फर्मला झगडावे लागू शकते. बिल कोणाच्या नावावर घ्यायचे, याचा विचार खरेदीच्या वेळीच झालेला बरा.

लॅपटॉप परत घेताना तो काउंटरवरच चालू करावा, झाकण पूर्ण फिरवून बघावे, बॅटरी भरते आहे का पाहावे, आणि बदललेल्या भागाचे नाव जॉबशीटवर असल्याची खात्री करावी. मदरबोर्ड बदलला असेल तर बायोसमध्ये जाऊन तिथला सिरियल नंबर तळाच्या लेबलाशी ताडून पाहावा. नव्या बोर्डात तो नव्याने भरावा लागतो, आणि भरायचा राहून गेला तर कंपनीचे स्वतःचे तपासणी सॉफ्टवेअर पुढच्या तक्रारीच्या वेळी त्या यंत्राला ओळखत नाही.